प्रथिन न बनवणारा आरएनए आणि कॅन्सर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले होते: ‘कॅन्सर म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचा रोग.’ लिहिताना ते सुटसुटीत वाटलं, छापून आल्यावर खटकलं, आणि आठवड्याच्या आत एका निवृत्त जीवशास्त्र शिक्षकांचं पत्र आलं तेव्हा मी कान पकडले. तीस वर्षं प्रयोगशाळेत आरएनए हाताळण्यात घालवली. त्यातली निम्मी तर अशा आरएनएवर गेली, ज्यापासून प्रथिन कधी बनतच नाही. आणि तरी हे वाक्य माझ्याच हातून! म्हणून या वेळचं सदर त्या पत्रापासून सुरू करते. त्याच विषयावर आलेली आणखी काही पत्रं सोबत घेतली आहेत.

प्रश्न: आम्ही वर्गात ‘डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन’ असं शिकवलं. हल्ली ‘नॉनकोडिंग आरएनए’ हा शब्द वाचनात येतो. ज्यापासून प्रथिनच बनत नाही, तो आरएनए पेशीत करतो काय? आणि प्रथिनात बिघाड नसताना कॅन्सर होईलच कसा?

सर, तुम्ही शिकवलंत ते चूक नाही, अपुरं आहे. आणि खरं तर नॉनकोडिंग आरएनए तुमच्या धड्यात होताच. प्रथिनं जोडणारं पेशीतलं यंत्र, म्हणजे रायबोसोम, ज्या आरएनएनं बनतो, तो कुठल्याच प्रथिनाचा मजकूर नसतो. अमिनो आम्लं उचलून आणणारा ट्रान्सफर आरएनएसुद्धा तसाच. पेशीतला बहुतेक आरएनए वजनानं या दोघांचाच भरतो, प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए त्या मानानं चिमूटभर. तेव्हा प्रथिन न बनवणारा आरएनए आपल्याला जुनाच माहीत होता. तो दुसऱ्या जनुकांवर हुकूम चालवतो, हे मात्र उशिरा कळलं.

उशीर का झाला, याचं एक कारण आपला डीएनए वाचण्याची सवय. माणसाच्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २० हजार, आणि प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर असलेली अक्षरं २ टक्क्यांच्या आतबाहेर. उरलेल्यासाठी १९७२ मध्ये सुसुमु ओह्नो यांनी वापरलेला ‘जंक’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच. पुढे २०१२ मध्ये ‘एन्कोड’ या मोठ्या प्रकल्पानं सांगितलं की ८० टक्के डीएनएला काही ना काही जैवरासायनिक कार्य आहे, आणि ‘कचरा म्हणून काही नसतंच’ असे मथळे झळकले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. एखाद्या भागाची आरएनए नक्कल निघते, एवढ्यावरून त्या नकलेला काम आहे असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. नक्कल सापडणं वेगळं, तिनं काम करणं वेगळं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या जनुकावर हुकूम चालवणारा प्राण्यांतला पहिला छोटा आरएनए सापडला तो जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत. व्हिक्टर अँब्रोस, रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम लिन-४ नावाच्या जनुकाच्या मागे होते. हे जनुक बिघडलं की कृमीची वाढ लहानपणाच्या टप्प्यातच घोटाळत राहते. जनुकातून प्रथिन काही मिळेना. हाती आला तो २२ अक्षरांचा आरएनए. तिकडे गॅरी रवकुन लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. दोघांनी आपापल्या अक्षरमाला ताडून पाहिल्या, तर लिन-४ चा तुकडा लिन-१४ च्या निरोपाच्या शेपटीवर जागोजागी जुळत होता. तो तिथं जाऊन बसला की निरोपापासून प्रथिन बनणं थांबतं. हे १९९३ चं. त्यानंतर सात वर्षं बहुतेकांनी ‘कृमींची काहीतरी गंमत’ म्हणून तिकडे दुर्लक्ष केलं, त्यात मीही होते. २००० मध्ये लेट-७ नावाचा दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसातही जसाच्या तसा निघाला, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. अँब्रोस आणि रवकुन यांना २०२४ मध्ये नोबेल मिळालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हाच लेट-७ घ्या. रास ही पेशीला ‘विभाजन कर’ असं सांगणारी प्रथिनं. त्यांच्या निरोपाच्या शेपटीवर लेट-७ बसतो आणि उत्पादन आवरतं ठेवतो. फुप्फुसाच्या कित्येक गाठींत लेट-७ घटलेला आढळतो आणि रास वाढलेलं. रास जनुकात बदल होऊनही कॅन्सर होतो, तो प्रकार तुम्हाला माहीत आहेच. पण इथं रासचं प्रत्येक अक्षर शाबूत असू शकतं. प्रथिन निर्दोष आहे, फक्त जास्त आहे. माझ्या वाक्यातली चूक नेमकी हीच होती: बिघाड मजकुरात असतो तसाच मापातही असतो.

जाता जाता एक. साधारण २२ अक्षरांच्या या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात आणि २०० अक्षरांपेक्षा मोठ्यांना लांब नॉनकोडिंग आरएनए. हा २०० चा आकडा काही निसर्गानं घातलेला नाही. आरएनए शुद्ध करण्याच्या पद्धतीत साधारण तिथून खालचे तुकडे वेगळे पडतात, म्हणून आम्ही तिथं रेघ मारली.

प्रश्न: मी एम.एस्सी. करते. ‘अँटिसेन्स’ आणि ‘नॉनकोडिंग’ हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत का? आमच्या नोट्समध्ये दोन्ही एकाच परिच्छेदात येतात.

नाहीत, पण गोंधळ तुझा एकटीचा नाही. ‘नॉनकोडिंग’ हे काय बनत नाही याचं वर्णन आहे, ‘अँटिसेन्स’ हे कुठल्या धाग्यावरून वाचलं याचं.

डीएनएला दोन धागे. एकाच्या आधारानं जनुकाचा निरोप निघतो. त्याच जागी समोरच्या धाग्यावरून, उलट दिशेनं, दुसरी नक्कल निघाली तर ती अँटिसेन्स. निरोपात ए-यू-जी असेल तर अँटिसेन्स नकलेत तिच्या स्वतःच्या दिशेनं वाचताना सी-ए-यू येईल. करून बघ: ए समोर यू, जी समोर सी, आणि मग उलटीकडून वाच. विलोम काव्यात एकच ओळ डावीकडून वाचली तर एक गोष्ट सांगते आणि उजवीकडून वाचली तर दुसरी, तसं काहीसं. फरक इतकाच की इथं दोन्ही वाचनं एकमेकांना चिकटू शकतात.

अशा अँटिसेन्स नकलांपैकी पुष्कळ नॉनकोडिंग असतात, सगळ्या नसतात. आमनेसामनेच्या दोन्ही धाग्यांवर प्रथिनं बनवणारी जनुकं असल्याचीही उदाहरणं आहेत. आणि मायक्रोआरएनए जोडी जुळवूनच काम करतो, पण तो बहुधा भलत्याच गुणसूत्रावरच्या जनुकाकडून आलेला असतो, समोरच्या धाग्यावरून नव्हे. जोडीही अर्धीमुर्धी जुळते, म्हणूनच एक मायक्रोआरएनए शेकडो निरोपांना धरू शकतो.

कॅन्सरमधलं मला सर्वांत आवडतं उदाहरण पी-१५ चं. पी-१५ हे पेशीविभाजनाला ब्रेक लावणारं प्रथिन. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे जनुक जागेवर असतं, त्यात एकही अक्षर बदललेलं नसतं, तरी ते मुकं असतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा पेशींत पी-१५ च्या समोरच्या धाग्यावरून अँटिसेन्स आरएनए भरपूर निघतो. संशोधकांनी तो आरएनए उंदराच्या मूलपेशींत मुद्दाम बनवला, तर पी-१५ च्या भागातला डीएनए घट्ट गुंडाळला गेला आणि जनुक बंद पडलं. पुढची गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते: अँटिसेन्स बनवणं थांबवल्यावरही जनुक बंदच राहिलं. कुलूप लावणारा निघून गेला, कुलूप तसंच. गुंडाळी सोडवणारी रसायनं दिल्यावर मात्र ते उघडलं.

परीक्षेत विचारलं तर हॉटेअर या लांब नॉनकोडिंग आरएनएचंही नाव लिही. त्याच्या नावातच अँटिसेन्स आहे, कारण तो १२ व्या गुणसूत्रावर हॉक्स-सी या, शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या जनुकांच्या उलट दिशेनं वाचला जातो. पण २००७ मध्ये त्याचं जे काम सांगितलं गेलं ते शेजारचं नव्हे, तर थेट २ ऱ्या गुणसूत्रावरच्या हॉक्स-डी जनुकांना गप्प करण्याचं. २०१० मध्ये तो स्तनाच्या कॅन्सरच्या पसरण्याशी जोडला गेला. उंदरातला हॉटेअर काढून टाकल्यावर काय होतं, यावर प्रयोगशाळांचं आजही एकमत नाही. तेवढी टीप कंसात घाल, परीक्षक चांगला असेल तर खूश होईल.

प्रश्न: बाबांना सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, असल्याचं निदान झालं. फिश तपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘१३क्यू डिलीशन’ लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, हे त्यातल्या त्यात बरं. डीएनएचा तुकडा हरवणं बरं कसं असू शकतं? आणि त्या तुकड्यात होतं काय?

ताई, तुमच्या बाबांच्या रिपोर्टमधला हा शब्द म्हणजे या सगळ्या विषयाचं उगमस्थान आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

सीएलएलच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत १३ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरचा (‘क्यू’ म्हणजे लांब बाहू) एक भाग गळालेला असतो. एवढ्या रुग्णांत तीच जागा हरवते, म्हणजे तिथं कॅन्सर रोखणारं एखादं जनुक असणार, हा तर्क सरळ होता. अनेक गटांनी वर्षानुवर्षं तिथली जनुकं चाळली. प्रथिन बनवणारं जनुक काही हाती लागेना. गळालेल्या भागांतला सगळ्यांना सामाईक तुकडा आवळत आवळत सुमारे ३० हजार अक्षरांवर आला, तरी लागेना. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटानं तिथं प्रथिनाऐवजी मायक्रोआरएनए शोधले आणि दोन सापडले: मायआर-१५ए आणि मायआर-१६-१. मायक्रोआरएनए हरवल्यानं कॅन्सरला हातभार लागतो, याचा हा पहिला पुरावा. शोधणारे चुकीच्या जागी शोधत नव्हते, चुकीची वस्तू शोधत होते.

हे दोघं काय करत होते, ते २००५ मध्ये कळलं. बीसीएल-२ नावाचं प्रथिन पेशीला मरू देत नाही. मायआर-१५ आणि १६ त्याच्या निरोपावर बसून त्याला लगाम घालतात. ते हरवले की बीसीएल-२ वाढतं, आणि म्हाताऱ्या झालेल्या पांढऱ्या पेशी मरायच्या थांबतात. सीएलएलचं चित्र बरंचसं असंच असतं: पेशी भराभर वाढण्यापेक्षा मरायचं विसरतात, आणि साचत जातात. पुढे उंदरातून हा भाग काढून टाकला, तेव्हा काही उंदरांना सीएलएलसारखा आजार झाला.

बाबांच्या डॉक्टरांनी ‘बरं’ म्हटलं ते तुलनेनं. १७ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचा तुकडा हरवला, तर पी-५३ हे पेशीचं राखणदार जनुक जातं आणि आजार जुन्या केमोथेरपीला दाद देत नाही. ११ व्या गुणसूत्रावरचा विशिष्ट तुकडा हरवणंही त्रासाचं. फक्त १३क्यू हरवलेला असेल आणि बाकी काही नसेल, तर आजार बहुधा सावकाश चालतो. कित्येकांना सुरुवातीला औषधही देत नाहीत, नुसती देखरेख ठेवतात. घरच्यांना वाटतं की दुर्लक्ष चाललंय. तसं नसतं. मात्र रिपोर्टमधली ही एकच ओळ सगळं ठरवत नाही. आयजीएचव्ही नावाची दुसरी तपासणी झाली आहे का आणि तिचं उत्तर काय आलं, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

आणखी एक. बीसीएल-२ ला थेट अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी २०१६ पासून सीएलएलमध्ये वापरली जाते. ती मायक्रोआरएनएच्या शोधातून जन्मली असं काही लेखांत लिहितात, ते खरं नाही. बीसीएल-२ दुसऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरमुळे आधीच माहीत होतं. पण बाबांच्या पेशींत जो लगाम सुटला आहे, नेमक्या त्याच जागी ती हात घालते, हे खरं. तिची गरज केव्हा पडेल, पडेल का, हे त्यांचे डॉक्टरच सांगतील.

प्रश्न: रक्ताच्या एका थेंबातल्या मायक्रोआरएनएवरून ‘सर्व कॅन्सर’ लवकर ओळखणाऱ्या तपासणीची जाहिरात आली आहे. ९५ टक्के अचूक म्हणतात. करून घ्यावी का? मला काही त्रास नाही.

नको. कारण सांगण्याआधी माझी एक फजिती सांगते.

मायक्रोआरएनए रक्तात मुक्तपणे फिरतात आणि टिकून राहतात, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झालं, तेव्हा आम्हीही त्यात उडी घेतली. आरएनए एरवी इतका नाजूक की हातमोज्याशिवाय नळीला बोट लागलं तर कातडीवरच्या एन्झाइमनं त्याची वाट लागते. तो रक्तात टिकतो, हीच मोठी बातमी होती. मी आणि एका तरुण सहकाऱ्यानं चाळीस नमुने तपासले, निम्मे रुग्णांचे, निम्मे निरोगी माणसांचे. रुग्णांच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, मायआर-१६ आणि मायआर-४५१ चांगलेच वाढलेले. आठ दिवस आम्ही हवेत. मग एका संध्याकाळी फ्रीझरमधला रॅक काढून नळ्या उजेडासमोर धरल्या. निरोगी माणसांचं सिरम गवतासारखं फिकट पिवळं, आणि रुग्णांच्या कित्येक नळ्या गुलाबीसर. रुग्णांचं रक्त वॉर्डात, आधीच सुया टोचून टोचून दमलेल्या शिरांतून काढलेलं. नळ्या तास-दोन तास पडून राहिलेल्या. निरोग्यांचं आमच्याच इमारतीत काढलेलं, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेलं. तांबड्या पेशी फुटून सॅम्पल हिमोलाइझ झालं होतं, आणि तांबड्या पेशींत हेच दोन मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात. आम्ही कॅन्सर मोजला नव्हता, सुई मोजली होती. निबंध फाडून टाकला. खरं तर फाडायला तो लिहून कुठे झाला होता!

आम्ही एकटेच असे नव्हतो. २०१२ मध्ये एका गटानं घन गाठींच्या कॅन्सरसाठी सुचवलेले ७९ रक्तातले मायक्रोआरएनए पडताळले. त्यांतले ४६ रक्तपेशींतच भरपूर असणारे निघाले.

आता ‘९५ टक्के अचूक’चा हिशेब करू. समजा, दर २०० माणसांत एकाला कॅन्सर आहे. १० हजार जणांची तपासणी केली, तर खरे रुग्ण ५०. तपासणीनं त्यांतले ४५ पकडले असं धरू. उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांत ५ टक्के चूक म्हणजे जवळपास ५०० जणांना ‘तुम्हाला कॅन्सर असू शकतो’ असा कागद मिळेल. कागद हाती आलेल्या बारा जणांपैकी एकाला खरोखर आजार. बाकीच्या अकरांचे स्कॅन, बायोप्सी, रात्रीची झोप, हे त्या ९५ मध्ये मोजलेलं नाही.

अशा तपासण्या कुठंच उपयोगाच्या नाहीत असं मात्र नाही. प्रश्न नेमका असेल, तर त्या छान चालतात. वृषणाच्या बीजपेशींच्या कॅन्सरमध्ये मायआर-३७१ए-३पी हा मायक्रोआरएनए सुमारे ९० टक्के रुग्णांत रक्तात वाढलेला सापडतो. फक्त टेराटोमा हा प्रकार त्याला दिसत नाही. आणि अँटिसेन्सवाल्यांनी कॉलर ताठ करावी असं उदाहरण पीसीए-३ चं. १९९९ मध्ये प्रोस्टेटच्या ५६ गाठींपैकी ५३ मध्ये हा आरएनए शेजारच्या साध्या ऊतीपेक्षा कितीतरी जास्त आढळला. नंतर कळलं की तो प्रुन-२ नावाच्या जनुकाच्या पोटात, उलट दिशेनं वाचला जातो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रक्तात मोजलं जाणारं पीएसए हे प्रथिन प्रोस्टेट नुसती वाढली किंवा सुजली तरी वर जातं, म्हणून पीएसएवरून बायोप्सी केलेल्या अनेकांत काहीच निघत नाही. एक बायोप्सी कोरी आलेल्या पुरुषाची पुन्हा करावी का, एवढंच ठरवायला मदत म्हणून लघवीतल्या पीसीए-३ च्या तपासणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१२ मध्ये परवानगी दिली. ‘सर्व कॅन्सर’ नव्हे, एक माणूस आणि एक निर्णय.

प्रश्न: मॅलॅट-१ नावाचा आरएनए कॅन्सर पसरवतो असं एका लेखात वाचलं, दुसऱ्यात तो रोखतो असं. खरं काय मानायचं?

दोन्ही लेख प्रामाणिक असू शकतात. २००३ मध्ये फुप्फुसाच्या ज्या गाठी पुढे पसरल्या, त्यांत हा आरएनए जास्त आढळला, त्यावरूनच त्याचं बारसं झालं. तो पेशीत एवढा मुबलक की त्याच्यावाचून पेशी जगणार नाही असं वाटे. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरातून तो काढून टाकला. उंदीर मजेत. २०१६ मध्ये एका गटानं स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांत तो घटवला, तर फुप्फुसात पसरणं कमी झालं. २०१८ मध्ये दुसऱ्यांनी वेगळ्या पद्धतीनं तो नष्ट केला, तर पसरणं वाढलं, आणि आरएनए परत दिल्यावर ते आटोक्यात आलं.

काढण्याच्या पद्धतीत मेख आहे. जनुकाचा डीएनए कापला तर त्या जागेत दडलेली इतर जनुकांची बटणंही कापली जातात. आरएनएच तेवढा घटवला तर बटणं राहतात. आणि गाठीत एखादा आरएनए वाढलेला दिसला, तर कावळा बसला म्हणून फांदी तुटली असं लगेच म्हणता येत नाही. मी स्वतः सध्या ‘मॅलॅट-१ कुठल्या गाठीत, कुठल्या टप्प्यावर’ हे विचारल्याशिवाय कुठलंच विधान स्वीकारत नाही.

प्रश्न: वनस्पतींतले मायक्रोआरएनए पोटातून रक्तात जाऊन जनुकांवर काम करतात म्हणे. कॅन्सरसाठी तशी पूरक गोळी घ्यावी का?

घेऊ नये. २०१२ मध्ये भातातला एक मायक्रोआरएनए माणसांच्या रक्तात सापडल्याचा दावा झाला होता. नंतर इतरांनी पडताळला तेव्हा तो टिकला नाही.

प्रश्न: रोगाला कारण असलेला निरोपच अँटिसेन्सनं बंद करायचा, ही कल्पना तर ऐकायला सोपी वाटते. मग कॅन्सरवर अशी औषधं अजून का नाहीत?

कल्पना सोपी आहे, आणि जुनीही. पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १९७८ मध्ये कोंबड्यांत कॅन्सर करणाऱ्या राउस सारकोमा विषाणूच्या आरएनएला जुळणारा १३ अक्षरांचा डीएनए तुकडा बनवला आणि पेशींत विषाणूची वाढ रोखून दाखवली. म्हणजे अँटिसेन्स औषधाचा पहिला प्रयोगच कॅन्सरच्या विषाणूवर झाला. मात्र बाजारात आलेलं पहिलं अँटिसेन्स औषध, १९९८ चं फोमिव्हिर्सेन, डोळ्यातल्या विषाणू-संसर्गासाठी होतं. स्नायू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावरचं, २०१६ चं नुसिनर्सेन पाठीच्या कण्याच्या द्रवात टोचतात. डोळा बंद डबी आहे, कण्याचा द्रवही तसाच. रक्तात सोडलं तर औषध मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडाकडे जातं. गाठ भलतीकडेच असते, आणि तिच्या प्रत्येक पेशीत शिरून, पेशीनं गिळलेल्या पिशवीतून बाहेर पडून मग निरोप गाठायचा. इथंच घोडं पेंड खातं.

ओब्लिमर्सेनचं उदाहरण माझ्या पिढीला दुखतं. वर सांगितलेल्या बीसीएल-२ च्या निरोपात प्रथिनाचा मजकूर जिथं सुरू होतो, तिथल्या पहिल्या १८ अक्षरांवर बसणारा हा तुकडा. कागदावर याहून नेटकं औषध नसेल. त्वचेच्या मेलॅनोमावर ७७१ रुग्णांची मोठी चाचणी झाली, पण एकूण आयुष्यात भरवशाचा फरक पडला नाही, आणि औषधाला परवानगी मिळाली नाही. मायआर-३४ हा पी-५३ चा मदतनीस मायक्रोआरएनए. तो बाहेरून देण्याची एमआरएक्स-३४ ची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. रोगप्रतिकारशक्ती खवळली, चार रुग्ण दगावले, २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. शरीराबाहेरून आलेला आरएनए म्हणजे विषाणू, असं समजूनच आपली प्रतिकारशक्ती घडलेली आहे, हे आम्ही जरा हलक्यात घेतलं होतं.

पण २०२४ च्या जूनमध्ये एक दार उघडलं, आणि त्याची चर्चा मला हवी तेवढी झाली नाही. टेलोमरेज हे गुणसूत्रांची टोकं पुन्हा पुन्हा वाढवून देणारं एन्झाइम. बहुसंख्य कॅन्सरपेशी त्याच्या जोरावर न थकता विभागत राहतात. त्याच्या पोटात ४५१ अक्षरांचा एक नॉनकोडिंग आरएनए असतो. तो प्रथिन बनवत नाही, टोकाला कुठली अक्षरं जोडायची त्याचा साचा पुरवतो. इमेटेलस्टॅट हे औषध म्हणजे त्या साच्याला जुळणारा १३ अक्षरांचा तुकडा. झॅमेक्निक यांच्या तुकड्याइतकाच लांब, हा योगायोग मला भारी आवडतो. काटेकोर बोलायचं तर हे अँटिसेन्स औषध नव्हे, कारण ते निरोप नष्ट करत नाही, साच्यात बोळा घालतं. रक्ताच्या कॅन्सरच्या कुळातल्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या आजाराच्या कमी धोक्याच्या रुग्णांत, ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं त्यांच्यासाठी, त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. चाचणीत १७८ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना किमान आठ आठवडे रक्त चढवावं लागलं नाही, नुसतं सलाइन मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खाली जाण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो. आजार बरा झाला असं कोणी म्हणत नाही. पण प्रथिन सोडून थेट नॉनकोडिंग आरएनएवर नेम धरलेलं औषध कॅन्सरच्या दवाखान्यात पोहोचलं.

प्रश्न: मला या विषयात संशोधन करायचं आहे. सुरुवात कुठून करू? मी दुसऱ्या वर्षाला आहे.

पिपेट हाती यायला तुला वेळ आहे, तोवर एक काम कर. या क्षेत्रात ‘अमुक आरएनए तमुक कॅन्सर वाढवतो’ अशा साच्यातले निबंध ढिगानं छापले जातात, आणि त्यांतले काही पैसे घेऊन निबंध पाडणाऱ्या कारखान्यांतून येतात. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर बर्न यांनी त्यांना पकडायची साधी युक्ती काढली: निबंधात छापलेली अक्षरमाला खरोखर त्याच जनुकाची आहे का, ते बघायचं. कित्येकदा ती भलत्याच जनुकाची निघते. ‘कशालाच न जुळणारी’ म्हणून वापरलेली माला माणसाच्या एखाद्या जनुकाला तंतोतंत जुळते, असंही होतं.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मोफत उघडता येणारे तीन निबंध निवड. पद्धतींच्या भागात वीस-एकवीस अक्षरांच्या माला असतील. त्या एकेक करून ब्लास्ट या मोफत संगणक-शोधात टाक, मानवी जनुकसंच निवड आणि काय जुळतं ते वहीत उतरव. अँटिसेन्स माला उलट्या धाग्यावर जुळेल, त्यानं गडबडू नकोस, वर ए-यू-जी आणि सी-ए-यूचं सांगितलंय ते आठव. तिन्ही निबंधांत काय निघालं ते मला कळव. न जुळणारी माला सापडली तर वहीच्या त्या पानाचा फोटोही पाठव.